यत्तोच्या घरावर धूर नाही

यत्तो जन्माची हट्टी. नवरा गेला, मुलगा मोहा खाली अझ्रू शहरात बिऱ्हाड करून राहिला, तरी ही बाई डोंगरावरच्या दगडी घरातून हलायला तयार नव्हती. घर तिच्यापेक्षा हट्टी. भिंतीतली उघडी आगटी एवढी मोठी की आत बकरी उभी राहावी, आणि खादाड इतकी की गाढवावरून आलेला ओकचा भारा दोन रात्रींत फस्त. ऊब सगळी धुराड्यातून आभाळात जायची. समोर बसलं की गुडघे भाजायचे आणि पाठ गारठायची. रात्री लाकूड सारायला उठावं लागे, त्यामुळे यत्तो कित्येक वर्षं सलग झोपली नव्हती.

मागच्या हिवाळ्यात लाकूड आणताना ती घसरून पडली, तेव्हा मोहानं आईला निक्षून सांगितलं, "यिम्मा, पुढच्या थंडीत तू माझ्याकडं."

"तुझ्या त्या खुराड्यात? आणखी एक हिवाळा दे मला, बाळा."

"एकच! पण वरून तुझ्या काळजीचा एक जरी फोन आला ना, तर त्याच दिवशी उचलून नेईन."

यत्तोनं उन्हाळाभर मागावर बसून गालिचा विणला, तो बाजारात विकला आणि आगटीच्या पोटात बसेल अशी बंद लोखंडी भट्टी आणली. पुढं काचेचं दार, वर धुराड्यात घातलेलं नळकांडं. बसवून देणाऱ्या लोहारानं बजावलं, "वाळलेलं लाकूड घाला, हवा बारीक ठेवा आणि सारखं दार उघडून बघू नका. ते काही पाळण्यातलं पोर नाही."

शेजारचा बास्सू आणि त्याची बायको हद्दा मुद्दाम बघायला आली. हद्दानं नाक मुरडलं. "आग अशी कोंडून ठेवतात का कुठं? आणि लाकडं दोनच? एवढ्यात माझी चहाची किटली तापत नाही."

"किटली नसेल तापत, तू मात्र लगेच तापतेस," यत्तो म्हणाली.

त्याच रात्री पहिलं बर्फ पडलं. यत्तोनं दोन ओंडके घातले, दार लावलं आणि थोड्या वेळानं चक्क अंगातला लोकरी झगा काढून बाहेरच्या खोलीत खुंटीला अडकवला. घरात झगा काढायची तिला सवयच नव्हती, त्यामुळे खिशातला फोन तिकडेच राहिला. मग ती झोपली ती मेल्यासारखी.

त्या गावात माणसं सकाळी उठली की आधी एकमेकांची धुराडी बघतात. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरावर धूर नसेल तर विचारत बसायचं नसतं, लाकूड घेऊन निघायचं.

यत्तो जागी झाली ती दारावरच्या धडाधडा आवाजानं. ऊन खिडकीत आलं होतं. तिनं कडी काढली, तर समोर फावडं घेतलेला बास्सू, कवेत मावतील तेवढी लाकडं धरलेली हद्दा आणि मागं अर्धा गाव, प्रत्येकाच्या खांद्यावर मोळी.

"जिवंत आहेस?" हद्दा किंचाळली.

"नसते तर कडी कुणी काढली असती?"

"अगं पण तुझ्या घरावर धूर नाही! आम्हाला वाटलं, ती पेटी विझली आणि तू गारठून गेलीस!"

यत्तो अनवाणीच बर्फात उतरली आणि तिनं वर पाहिलं. खरंच, नळकांड्यावर हवा नुसती थरथरत होती. भट्टी झकास जळत होती, लाकूड पुरतं जळत होतं, आणि धुराला शिल्लकच काही राहत नव्हतं. लोहारानं हे तेवढं सांगितलं नव्हतं. यत्तोला हसू आवरेना.

"फोन का नाही उचललास?" बास्सू चाचरत म्हणाला. "शेवटी मोहाला केला."

यत्तोचं हसू जागच्या जागी विरलं. "मेल्या, दुनियेत तुला दुसरं कुणी सापडलं नाही?"

लोकांनी मोळ्या भिंतीला लावल्या. भट्टीला दोन हिवाळे पुरेल एवढा ढीग झाला, आणि परत न्या म्हटलं तर कुणी ऐकेना. सगळे आत आले आणि एकेक करून झगे उतरवू लागले. हद्दानं तर डोक्यावरची शालही सोडली.

तेवढ्यात मोहाची गाडी आली. बूट न बांधलेले, तोंड पांढरंफटक. त्यानं आईला घट्ट मिठी मारली आणि मग ओरडला, "बस्स झालं! कपडे भर!"

"भरते. आधी चहा घे."

अट तिनं मान्य केली होती, आणि शब्द म्हणजे शब्द. ती आत जाऊन गाठोडं बांधू लागली. मोहा चहा घेऊन बसला. घोटाघोटाला त्याला घाम फुटू लागला. त्यानं कोट काढला, मग स्वेटर. मग उठून तो खोलीच्या पार टोकाला गेला आणि भिंतीवर तळवा ठेवून उभा राहिला. लहानपणी याच भिंतीशी तो सगळे कपडे घालून झोपायचा, आणि सकाळी तिच्यावर ओल गोठलेली असायची.

यत्तो गाठोडं घेऊन आली. "चल."

मोहा हललाच नाही. "मुलांना परवापासून सुट्टी आहे," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "इकडंच पाठवतो."

"आणि तू रे?"

"मीही येतो, यिम्मा. खाली फार थंडी आहे गं."