कडेला धरायच्या तबकड्या

"कडेला धर. कडेला." साहेबांचं हे वाक्य मी इतकं ऐकलंय, की अजून जेवणाचं ताटसुद्धा मी दोन तळव्यांत कडेनं धरतो.

खालापूरच्या अलीकडं आमचा कारखाना. मी सातवीतून शाळा सोडून उदगीरकडून आलेला, रोजंदारीवरचा वायरमन. आज हाकलतील का उद्या, या धास्तीत जगणारा. साहेब प्रयोगशाळेचे प्रमुख, एकटेच राहायचे. त्यांच्या रेकॉर्ड-प्लेअरची मोटर संथ फिरायला लागली म्हणून मला बोलावलं. आधी माझे हात बघितले, "शी!" म्हणाले आणि साबण दिला. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, शिसारी हाच ज्याचा स्वभाव. चहावरची साय, शर्टाची तुटकी गुंडी, तबकडीवरचा बोटाचा ठसा, सगळ्याला "शी!"

मोटर दुरुस्त झाली आणि जे वाजलं त्यानं मलाच शिसारी आली. पत्रा कापल्यासारखी व्हायोलिनं, मधेच माळ्यावरून भांडी कोसळावीत तसे ढोल. बागेतला कडाव गावचा माळी खिडकीतून म्हणाला, "सायेब, हे गानं हाय का भांडान?"

"दोन्ही," साहेब म्हणाले. "आपल्याच शतकातलं आहे. शतक असं, तर गाणंही असंच." मग माझ्याकडं वळले. "आवडलंच पाहिजे असं नाही. नुसतं ऐक. शंभर माणसं वाजवतायत, कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही. आपल्या कँटीनच्या रांगेत दहा जणांना जमत नाही."

मी रविवारी सकाळी जाऊ लागलो. आवडायचं असं खोटं सांगणार नाही. पण एका तबकडीत सगळा गोंगाट थांबून एकटी बासरी उरायची. तेवढ्यासाठी बाकीचं सोसायचो. साहेबांना ते कळलं होतं. "आली बघ तुझी बासरी," म्हणायचे. वायरमनच्या परीक्षेचं पुस्तक त्यांनीच समजावलं, मला कायम करा म्हणून शब्दही त्यांनीच टाकला.

आजारी पडून मुंबईला इस्पितळात निघाले, तेव्हा एका वाचनालयाच्या नावाची चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली. "परत आलो नाही तर तबकड्यांच्या चारी पेट्या इथं पोचव. आणि उभ्या ने, आडव्या नको."

आले नाहीत. बंगला रिकामा करताना मॅनेजरबाईंनी विचारलं, "या पेट्या कुणाच्या रे?" चिठ्ठी माझ्या खिशात होती. क्वार्टरसाठीचा माझा अर्ज त्यांच्या यजमानांच्या, म्हणजे मॅनेजरच्या, टेबलावर होता.

"कुणाच्या नाहीत, बाईसाहेब," मी म्हणालो.

कॉलनीच्या क्लबात नेऊन ठेव म्हणाल्या. मी नेल्या. उभ्याच नेल्या, त्याचीच आता जास्त किळस येते.

क्लबातल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून बायको वाण घेऊन आली. काळा, काठाला चुण्या पाडलेला वाडगा, त्यात तिळगूळ. बुडाला लाल कागद, मधोमध भोक. "रेकॉर्ड गरम पाण्यात बुडवून करायचा. मॅनेजरबाईंनी स्वतः शिकवलं सगळ्यांना," ती हौसेनं सांगत होती. कॉलनीत घरोघरी ते वाडगे गेले. कुणी शेंगदाणे ठेवले, कुणी केसांच्या पिना. त्या बायकांना तरी कुणी काय सांगितलं होतं?

क्वार्टर मिळालं. वाडगा तिथल्या फळीवर गेला. लाल कागदावरची अक्षरं पाण्यानं पुसली होती. बासरीची तबकडी हीच का, कळायला मार्ग नव्हता.

परवा फळी पुसताना बायको म्हणाली, "तेवढा वाडगा द्या हो." मी दोन तळवे पसरून तो कडेला धरायला गेलो. नागमोडी कड, धरताच येईना. शेवटी हात आत घालून उचलला. काळ्या रेघांवरच्या धुळीत पाची बोटं उमटली.

शी म्हणायला कुणी नव्हतं.