सोन्याचा रिकामा ट्रक

"ट्रक रिकामो आसा हो," भावोजी म्हणाले आणि मी पेन खाली ठेवलं.

पाळी गावात बहिणीकडे व्हीसीआर होता, म्हणून मी मुळगावहून तिथे जायची. डबिंगचे संवाद लिहिणं हा माझा धंदा. म्हणजे पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलतील तेवढ्याच वेळात मराठी वाक्य बसवायचं. एक फ्रेंच पोलिसी मालिका आली होती, मारामारी आणि विनोद दोन्ही असलेली. मला मिळालेली पहिलीच पूर्ण मालिका. ती बिघडली असती तर पुढचं काम बंद. कॅसेटी दोन-दोन भागांच्या यायच्या, सोबत इंग्रजी संवाद.

मालिका मला आवडली होती. गाड्या खरोखर आपटायच्या, रक्त मात्र थेंबभर नाही. जाडा इन्स्पेक्टर हातातला पाव संपवल्याशिवाय चोराच्या मागे निघायचा नाही. बायकांना मात्र दोनच कामं, फायली आणणं आणि किंचाळणं. आणि कथेत भोकंच भोकं.

पहिल्या भागात चोर सोन्याच्या विटांनी भरलेला ट्रक पळवताना तो पुलावरून उडवतात. भावोजी सावंतवाडीकडचे, खाणीवर ट्रक चालवणारे. ते उठून पडद्याजवळ गेले.

"पाटे बघ गो सुमन. दबाक नायत."

पाटे म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या. माल भरला की त्या दबतात. भावोजी हसून लोळत होते. मी मात्र अस्वस्थ. डिचोलीच्या खाणींवरचा प्रत्येक ड्रायव्हर हे पकडणार, आणि नाव माझं खराब होणार!

डबिंगमध्ये एक सोय असते. पात्र पाठमोरं असलं की ओठ दिसत नाहीत, तोंडी काहीही घालता येतं. मी पाठमोऱ्या इन्स्पेक्टरच्या तोंडी घातलं, "पळू दे. सोनं मी आधीच उतरवलंय."

मला काम देणाऱ्या सरांचा पणजीहून फोन आला. "मूळ मालिकेपेक्षा झकास झालंय हो!" मी चार दिवस हवेत होते. पहिला भाग टीव्हीवर लागलासुद्धा.

मग तिसऱ्या भागाची कॅसेट आली. चोरांचा म्होरक्या गुहेत बसलाय, समोर त्याच सोन्याच्या विटा. चेहरा कॅमेऱ्याकडे, पडदाभर ओठ. आणि ते सोनं तर मी इन्स्पेक्टरला आधीच उतरवायला लावलं होतं!

मी सरांना सगळं सांगितलं.

"पहिला भाग लोकांनी पाहिलाय, सुमनबाई. आता काय करणार?"

"दुसरा ट्रक होता, असं म्हणू?"

"म्हणा. दुसरं काय उरलंय?"

म्होरक्याच्या ओठांच्या मापात बसेपर्यंत ते वाक्य मी अकरा वेळा लिहिलं. तो भाग लागला त्या दिवशी मी पाळीलाच होते.

"दुसरो ट्रक खंयसून इलो?" भावोजींनी विचारलं.

"मी घातला. तुम्हीच म्हणालात ना, पहिला रिकामा म्हणून?"

"अगो, आमी सगळे ड्रायव्हर पाटे बघूक बसलेलो. चूक पकडूची तीच तर मजा! ती तू खाल्लंस."

मला खरंच वाईट वाटलं. बिनचूक मालिका कुणाला हवी होती, हे मी विचारलंच नव्हतं.

मालिका माझ्याकडेच राहिली. पुढच्या कॅसेटच्या खोक्यावर सरांनी जाड अक्षरांत लिहिलं होतं, "फक्त भाषांतर." तेव्हापासून दुसऱ्याच्या चुका मी जशाच्या तशा मराठीत आणते. चूक असते फ्रेंचांची. दुरुस्त केली की आपली होते.