कळंबच्या किनाऱ्यावर अर्धं वाक्य

नाशिकहून निघालो तेव्हा गाडीत एक वायरलेस सेट आणि घडीचा अँटेना, एवढंच सामान होतं. माझा कॉलेजातला मित्र विनय समुद्रापलीकडे, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर राहतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. आम्ही दोघेही हौशी रेडिओवाले. तो मूळचा कळंबचा. "शेवटचं बोलणं फोनवर नको," त्याने बजावलं होतं. "तू कळंबला जा. माझा आवाज एकदा गावी पोहोचू दे."

उन्हाळ्यात समुद्रावर हवेचा थर नीट बसला, तरच वायरलेसवर एवढ्या लांबचं ऐकू येतं. शिवाय ज्या रेडिओलहरींवर आम्ही बोलतो, ती पट्टी आमची नव्हे. तिचे मुख्य परवानेदार वेगळे, आम्ही दुय्यम. ते नसतील तेव्हा बोलायचं, आले की मुकाट्याने गप्प बसायचं. हे मला विन्यानेच शिकवलं होतं.

कामणला गोदामांच्या कंटेनरनी रस्ता अडवला आणि तासभर फुकट गेला. हॉर्न वाजवून मी स्वतःचंच डोकं उठवलं. सोपाऱ्यापुढे केळीच्या वाड्या लागल्या. एका टपरीवर सुकेळी (वाळवलेली केळी) टांगलेली दिसली, पण थांबलो नाही.

कळंबला पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या मावशींनी माझ्या अँटेनाकडे पाहिलं.

"त्या काठीनं मासं धरतंस का रं?"

"मित्राशी बोलायचंय."

"मग फोन नाय लागत?" त्या हसल्या आणि एक भाजलेला बोंबील माझ्या हातावर ठेवला. "पानी चढतंय, काठी मागं घे."

तेवढ्यात दुसरी बाई टोपली घेऊन आली. मावशी लगेच आपले अर्धेओले बोंबील काढू लागल्या. मला राहवलं नाही. "अहो, वाळले कुठे?"

"बांबू तिचं. ती नसंल तवा आपलं. धनीन आली, उचलायचं. भांडायचं कशाला?"

सहाच्या सुमारास खरखरीतून विन्या आला. आवाज घोगरा, पण त्याचाच.

"समुद्र ऐकव रे आधी," तो म्हणाला.

मी बोलायचं बटण दाबून सेट लाटांपुढे धरला. पुरा एक मिनिट. मग बटण सोडलं.

"ऐकला," तो म्हणाला. त्याने खोकून घसा साफ केला. मग म्हणाला, "आता तू येताना—"

आणि पट्टीचे मालक आले. त्यांचा खणखणीत सिग्नल सगळीकडे भरला. माझं बोट बटणावर होतं. दाबावं असं फार वाटलं. नाही दाबलं. तोही पुन्हा बोलला नाही.

अंधारेपर्यंत थांबलो. मालक हलले नाहीत. फोनवर त्याचा मेसेज आला : "धनी आले. उठलो."

"सपलं बोलनं?" मावशींनी विचारलं. मी मान हलवली. परतताना सुकेळीची टपरी बंद झाली होती.

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभराने मी लिहून विचारलं, त्या दिवशी काय सांगत होतास? त्याने लिहिलं, "आता तू येताना सुकेळी आण."

सुकेळी घेऊन मी गेलो, त्याने खाल्लीही. पण ते वाक्य मी अजून रोज वाचतो. "आता तू येताना" इथपर्यंत त्याचा आवाज असतो. पुढचे दोन शब्द मला माझ्याच आवाजात वाचावे लागतात.