अण्णांचं पाणबुड्याचं घड्याळ

आमच्या घरात एक नियम आहे. अण्णांचं घड्याळ पाण्यात न्यायचं नाही. आणि का न्यायचं नाही, ते विचारायचं नाही.

आता ऐका आणि तुम्हीच ठरवा, यात चूक माझी किती आणि नियमाची किती. माझी शोभा झाली हे मी आधीच कबूल करून टाकते. तीही भर दिवाळीत, जावयासमोर!

अण्णा म्हणजे माझे आजोबा. बोटीवर नोकरीला होते. कुठल्याशा परदेशी बंदरात त्यांनी हे घड्याळ घेतलं. काळी तबकडी, नारिंगी मिनिटकाटा, भोवती फिरणारं कडं. खास पाणबुड्यांसाठी बनवलेलं. म्हणजे जे समुद्राच्या तळाशी जायला जन्माला आलं, ते आमच्याकडे कपाटात, कापसात गुंडाळून, डांबरगोळ्यांच्या शेजारी! अण्णा गेले, नियम राहिला.

"पाणबुड्याचं घड्याळ पाण्यात का न्यायचं नाही?" मी लहानपणी एकदा विचारलं होतं.

"विचारायचं नाही म्हटलं ना!" भाऊकाका गरजले. भाऊकाका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. ते बोलले की घरात विषय संपतो. निदान त्यांना तरी तसं वाटतं.

यंदा त्यांच्या मुलीचा, माधवीताईचा, पहिला दिवाळसण. काकांनी गणपतीतच जाहीर करून टाकलं, "अण्णांचं घड्याळ जावईबापूंना द्यायचं."

जावईबापू म्हणजे सुमेधजिजू. माणूस सज्जन, पण श्रीवर्धनच्या समुद्रात घोट्यापर्यंत पाणी आलं की चप्पल हातात घेऊन मागे फिरणारा. आणि मी? मी रोज सकाळी समुद्रात पोहते. मला पोहायला अण्णांनीच शिकवलं.

"काका, घड्याळ मला द्या."

"तुला? अगं, एवढं धोंड्यासारखं घड्याळ बायकांच्या मनगटावर शोभतं का?"

"रोज लाटा कापतं हे मनगट!"

"मग नवीन घे की. हल्ली तसलीच मिळतात म्हणे."

मिळतात, खरंच मिळतात! घड्याळवेडे लोक त्यांना 'होमेज' म्हणतात. म्हणजे जुन्या घड्याळाला वाहिलेली आदरांजली. म्हणजे नक्कलच, फक्त खोटं नाव न लावता केलेली. मी चिडून एक मागवलं. तीच तबकडी, तोच काटा, तेच कडं. मागवण्याआधी इतके व्हिडिओ बघितले, की जुनं घड्याळ कसं ओळखावं यावर घरातल्यांना रोज जेवताना व्याख्यान देत होते. "तबकडीचा रंग बघायचा, काचेचा उंचवटा बघायचा, मला तर अंधारातसुद्धा कळेल!"

तेवढ्यात काकांनी काय करावं? जावयाला द्यायचं म्हणून अण्णांचं घड्याळ घड्याळजीकडे नेलं आणि पॉलिश करून, नवी काच, नवा काळा पट्टा घालून आणलं. जुन्या घड्याळाला पॉलिश करायचं नसतं हो! सगळं वय पुसून टाकलं. आता दोन्ही जुळ्या बहिणींसारखी दिसायला लागली.

मग आला दसरा. पाटावर कोयते, आडकित्ते, बाबांचा लॅपटॉप आणि दरवर्षीप्रमाणे अण्णांचं घड्याळ.

"केतकी, तुझंही ठेव गं," सुमाआत्या म्हणाली. "नवी वस्तू आहे, दोन फुलं पडू देत."

ठेवलं. दोघांवर हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. आरती झाल्यावर मी माझं घड्याळ उचललं. अगदी ठामपणे, एकदाही न बघता. व्याख्यान कोण देत होतं, मी ना?

दुसऱ्या दिवशी समुद्रात गेले. बाहेर येऊन बघते, तर काचेच्या आत धुकं! थेंब! मी तिथेच वाळूत उभी राहून विकणाऱ्याच्या नावाने शंख केला. घरी येऊन त्याच्या वेबसाइटवर पाचपैकी एक तारा दिला. 'एवढाही देण्याची लायकी नाही' असं लिहिलं. घड्याळ वाळवलं, खोक्यात घातलं आणि परत पाठवलं.

काकांना तर काय आनंद! "सांगत होतो ना? नवीन माल तो!"

पाडव्याला जिजू जेवायला आले. आत्याने ओवाळलं, काकांनी घड्याळ जिजूंच्या हातावर बांधलं. "वजन बघा, जावईबापू! याला म्हणतात जुनं काम. आजकालच्या नकलांना जमेल हे?"

खोटं कशाला सांगू, मलासुद्धा त्या क्षणी ते वजन पटलं होतं.

आणि दारात कुरिअर. माझंच खोकं परत! सोबत चिठ्ठी : 'मॅडम, हे घड्याळ आमचं नाही. आतलं मशीन आमच्या जन्माआधीचं आहे. कृपया तारे वाढवावेत.'

घरात स्फोट झाला. काकांनी जिजूंच्या हातातलं काढून ओवाळणीच्या ताटात ठेवलं, माझ्या खोक्यातलं काढून त्याच्या शेजारी ठेवलं. दोन्ही टिकटिकत होती.

"बुडवलंस अण्णांचं घड्याळ! नियम कशासाठी होता?"

"कशासाठी होता? आता तरी सांगा!"

बाबा हळूच म्हणाले, "जुन्या घड्याळातलं रबर सुकतं गं. पाणी आत जातं. अण्णा बोलले होते एकदा."

"रबर?" माझा आवाज टिपेला गेला. "एवढंच? मग हे सांगायला काय झालं होतं? रबर बदलून मिळतं!"

"ते असू दे," काका म्हणाले. "गप्प बसा सगळे. खरं घड्याळ जावईबापूंना द्या, आणि बाहेर कुठे बोलू नका."

"नाही!" मी ताटातलं एक घड्याळ उचललं आणि मनगटावर आवळलं. "नाही देणार. जो माणूस पाण्यात जात नाही, त्याला पाणबुड्याचं घड्याळ कशाला? मी रबर बदलून घेईन आणि रोज समुद्रात नेईन. आणि यापुढे या घरात कुठलाही नियम कारण सांगितल्याशिवाय मी पाळणार नाही!"

आयुष्यात पहिल्यांदा भाऊकाकांच्या तोंडून शब्द फुटेना. माझी छाती कशी फुगली म्हणून सांगू!

मग लक्षात आलं, की कुणीच माझ्याकडे बघत नाहीये. सगळे ताटाकडे बघतायत.

जिजूंनी घसा खाकरला. "केतकी, पाणी गेलेल्या घड्याळात सहाच्या आकड्याजवळ गंजाचा एक ठिपका पडलाय."

"मग?"

"ठिपकेवालं ताटातच आहे."