जाऊबाईंची जाई

माझ्या जाऊबाईंनी फुटक्या किटलीत मनीप्लांट लावला आणि माझी झोप उडाली.

किटली अकोल्यात, मी अमरावतीत; तरीही उडाली. कारण सासूबाई. त्या आलटून पालटून आम्हा दोघी सुनांकडे राहतात, पण या खेपेला अकोल्याहून निघायचं नावच काढेनात. फोनवर माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "मोठीनं लय सुंदर झाडं लावली रे. मन लागते मायं इथं." आमच्याकडे काय बघून मन लागणार? वॉशिंग मशीन? मला सासूबाई मनापासून आवडतात (सुनांच्या जमातीत हे मोठ्याने बोलायची सोय नाही), आणि त्या एका किटलीपायी हातच्या जाणार म्हणून माझा नुसता जळफळाट झाला.

शेवटी त्यांना आणायला आम्हीच अकोल्याला गेलो. जाऊबाईंच्या खिडकीत कान तुटलेले कप, लोणच्याची बरणी, दांडा गेलेला कुकर, आणि सगळ्यांत हिरवीगार झाडं! बरं, एकाही भांड्याला खाली भोक नाही. मग पाणी जातं कुठे? जाऊबाईंना विचारायचं? प्राण गेला तरी नाही. नशिबाने तेवढ्यात शेजारीण आली आणि तिनेच विचारलं. मी स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता कान टवकारले.

"काही नाही वं," जाऊबाई म्हणाल्या. "बुडाशी गोटे टाकाचे, त्याच्यावर जायी, मंग माती. मस्त रायते झाड."

जाई! फुलं! कुजून त्यांचं खत होत असणार. माझं माहेर पुण्याचं असलं तरी वऱ्हाडी आता माझ्या हातचा मळ झाली होती. आम्ही आणायला गेलो तरी सासूबाई आणखी थोडे दिवस तिथेच थांबणार होत्या. मला तेवढे पुरेसे होते.

अमरावतीत परतल्या परतल्या मी पिशवीभर जाईची फुलं आणली. घरी लग्न आहे का, असं फुलवाल्याने विचारलं; मी नुसतीच गूढ हसले. आमच्याकडे फुटके कप नव्हते, म्हणून चांगल्या कपांचे कान तोडले. (नवऱ्याला सांगितलं, धुताना तुटले. सगळे? हो, सगळे.) गोटे, त्यावर फुलं, त्यावर माती, वर रोपटी. जाऊबाई एकदा पाणी घालतात म्हणून मी दोनदा घातलं.

पुढच्याच आठवड्यात घरात वास सुटला. नवऱ्याने उंदीर मेला म्हणून कपाट सरकवलं, मग फ्रिज, मग दिवाण. उंदीर निघेना. चिलटं मात्र निघाली, इतकी की आम्ही हात हलवत जेवू लागलो. पानं पिवळी पडली, आणि नेमक्या त्याच दिवशी सासूबाई आल्या.

दारातच त्यांनी नाकाला पदर लावला. सरळ खिडकीशी गेल्या, एक कप उचलला आणि मोरीत पालथा केला. काळाकुट्ट लगदा पडला.

"हे काय व्हय?"

"जाई," मी म्हटलं. "ताई टाकतात ना बुडाशी."

नवऱ्याला आधी कळलं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि हसत सुटला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "अवं बाई, जायी. खिडकीले मच्छराची लावतो ना आपन, ते. माती खाली गोट्याइत जाऊ नये म्हनून."

जाळी! वऱ्हाडात शाळेची शाया होते, केळीची केयी होते, हे मला चांगलं ठाऊक होतं. जाळीच तेवढी कशी निसटली, देव जाणे. आता सासूबाई पहिल्या एस.टी.ने परत जाणार, या विचाराने मला रडूच आलं.

पण सासूबाईंनी पदर खोचला. "मी आता इथंच रायतो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मोठीचं काही अडत नाही मायावाचून. इले एकटीले सोडून कसं जमन?"

मी डोळे पुसले आणि तातडीने अकोल्याला फोन लावला. आई आता कायमच्या आमच्याकडे राहणार, हे आवाजातला आनंद जमेल तितका लपवून सांगितलं.

"असं काहून?" जाऊबाईंनी विचारलं.

"माझी झाडं बघितली ना त्यांनी," मी म्हटलं. यात एक अक्षरही खोटं नव्हतं!