धबधब्याचा फोटो

लातूर नुकतंच उस्मानाबादेतून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत टेबलं कमी आणि दुष्काळाचे अर्ज जास्त होते. मी तिथं कारकून होतो. बोअरची मशीनं बघायला नॉर्वेचा एक इंजिनिअर आला होता, तो जाताना आमच्या साहेबांना त्याच्या देशातल्या प्रेक्षणीय स्थळांचं एक गुळगुळीत पुस्तक देऊन गेला. साहेबांनी ते आठ दिवस उशाशी ठेवलं असावं. नवव्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "नवा जिल्हा आहे. आपलंही असं पुस्तक निघालं पाहिजे. तुमचा भूगोल होता ना बी.ए.ला?"

पहिल्या पानावर धबधबा होता, म्हणून आमच्याही पहिल्या पानावर धबधबा ठरला. निलंग्याच्या बाजूला एका गावात तो आहे, असं जुन्या कागदांत होतं. मी मजकूर आधीच लिहून टाकला, 'दुधासारखा शुभ्र प्रवाह' वगैरे. मग लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या फोटोग्राफरला घेऊन एस.टी.नं निघालो.

धबधब्याच्या जागी एक उंच काळा खडक होता. त्यावर एक सरडा ऊन खात बसला होता.

"पाणी कधी असतं?" वाट दाखवायला सोबत आलेल्या गावातल्या एका म्हातारीला मी विचारलं.

"माझ्या लग्नाच्या साली होतं," ती म्हणाली.

कचेरीतून माणूस आलाय ही बातमी तोवर गावभर झाली होती. टँकरचा साहेब समजून दहा-बारा बाया घागरी घेऊनच आल्या. मी टँकरचा नाही हे सांगायला मला लाज वाटली. म्हणून पिशवीतून नॉर्वेचं पुस्तक काढून दाखवलं.

म्हातारीनं धबधब्याच्या चित्रावर बोट ठेवलं. "एवढं पाणी वर न्हेऊन सांडायलेत कशाला?"

"ते आपोआप पडतं, आजी."

"आन् घागर लावायला एक बी बाई न्हाई?"

पुढच्या पानावर डोंगरांच्या मधून आत घुसलेला समुद्र होता. तो खारा आहे म्हटल्यावर सगळ्यांचा रस गेला. शेवटच्या चित्रात मात्र रात्री बाराचा सूर्य होता. तिकडं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, हे मी जरा ऐटीत सांगितलं.

म्हातारी हळहळली, "रात्रीबी ऊन! आगं बाई, आपल्यापरीस त्यांचंच वाईट हाय की."

इकडं फोटोग्राफरला घाई झाली होती. तो म्हणाला, "आजी, वरून एक घागर वतली तर फोटोत धबधबा दिसंल."

मला वाटलं, आता हा मार खातो. पण म्हातारी शांतपणे म्हणाली, "वत की. आमी खाली घागरी लावून हुभ्या ऱ्हातो. थेंब सांडला तर तुलाच वर ठिऊन जाऊ."

एक पोरगी अर्धी घागर घेऊन खडकावर चढली. खाली बाया घागरी वर धरून दाटीनं उभ्या राहिल्या. पाणी आलं, खडकानं निम्मं पिऊन टाकलं, उरलेलं कोणाच्या तरी पदरावर पडलं. फोटोग्राफरनं बटण दाबलं तेव्हा नेमकं काहीच पडत नव्हतं.

फोटोत कोरडा खडक आला, आणि तोंडं वर करून वाट बघणाऱ्या बाया. साहेबांनी तो बराच वेळ हातात धरला. मी बोलणी खायच्या तयारीत उभा होतो. त्यांनी फोटो पुस्तकाच्या फाइलीत न ठेवता टंचाईच्या फाइलीला टाचला आणि वर लाल शाईनं काहीतरी लिहिलं. आठवड्याभरात त्या गावाला टँकर सुरू झाला. पुस्तक मात्र काही निघालं नाही. उदगीरचा किल्ला आणि खरोशाची लेणी एवढ्यांचं कचेरीतच सायक्लोस्टाइल केलेलं एक पान तेवढं वाटलं गेलं.

पुढं महिन्याभरानं मी फोटोच्या प्रती घेऊन त्या गावी गेलो. टँकर उभाच होता. मला वाटलं, बाया टँकरबद्दल दोन चांगले शब्द बोलतील. त्यांनी माझ्या हातातून फोटो ओढून घेतले, आणि डोळे कुणाचे मिटलेत, कुणाच्या घागरीनं कुणाचं तोंड झाकलंय, यावरून तिथंच जे भांडण जुंपलं, ते मी परतीची एस.टी. पकडेपर्यंत मिटलं नव्हतं.