पाण्याला न शिवणारे पोहण्याचे गुरुजी

मंडळी, रेशनच्या रांगेत सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गोष्टीची दहा रूपं होतील. म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद मीच लावतोय.

आज सकाळी मुलांच्या उन्हाळी शिबिरात डोकावलो. आधी उल्हास नदीत पोहणं, मग हुतूतू नि लंगडी, असं आपल्याला सांगितलं होतं. बघतो तर वीस पोरं तापल्या वाळूत पालथी पडून हातपाय मारताहेत आणि मुंबईचे गुरुजी जांभळीखाली उभे राहून शिट्टी फुंकताहेत! माझ्या सुमीची कोपरं सोलवटली होती.

"पाण्यात कधी उतरणार?" मी विचारलं.

"आधी आठ दिवस वाळूवर सराव. पुस्तकात तसंच आहे."

मी घरून सुका भोपळा नेला होता. तो पाठीला बांधूनच आपण सगळे नदीच्या डोहात पोहायला शिकलो. गुरुजी म्हणाले, "असले गावठी प्रकार इथे चालणार नाहीत."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग तुम्ही एकदा उतरून दाखवा."

गुरुजींनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "मला सर्दी झालीय."

तेवढ्यात सुमी म्हणाली, "बाबा, आपला भोपळा गुरुजींनाच द्या ना. त्यांना पवता येत नाय."

पोरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! आणि आपण? खाकी पँट नि शिट्टी बघून पोरं हवाली केली. एखादं डोहात घसरलं असतं, तर काठावर नुसती शिट्टी वाजली असती.

उद्या सकाळी मी भोपळा घेऊन डोहावर उभा राहणार आहे. गुरुजींना पोहता येतं का, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं होतं? मीही नव्हतं विचारलं.